दाखल्यावर एक धर्म, घरात दुसरा: सल्ला कोणाकडे मागायचा?

करवीरची_लेक

सलाम मंडळी. इथे आपल्या समाजातले बरेच जण आहेत, इतर समाजातलेही आहेत. सगळ्यांनीच बोलावं अशी इच्छा आहे.

आम्ही कोल्हापूरचे. घरात ख्रिस्ती विश्वासाची ही चौथी पिढी. सासऱ्यांच्या वडिलांनी अमेरिकन मिशनच्या काळात प्रभूला स्वीकारलं. आजेसासूबाई मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्स होत्या. दर रविवारी उपासना, घरी आळीपाळीनं प्रार्थना सभा, सगळं आहे. पण सासऱ्यांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी रजिस्टरला लिहिलं 'हिंदू महार'. तेच मिस्टरांच्या दाखल्यावर आलं आणि तेच मुलीच्या. मिस्टरांनी जातीचा दाखला काढून ठेवला, पण नोकरीला वापरला नाही, त्यांचं स्वतःचं गॅरेज आहे. मुलीचा लहानपणी बाप्तिस्मा केला नाही. "पुढं कागदांना अडचण नको," असं तेव्हा घरात ठरलं.

मुलगी आता बारावी झाली, अठरा पूर्ण झाली. तिला पणजीसारखं नर्स व्हायचंय, बीएस्सी नर्सिंग करायचंय. जात पडताळणीचा अर्ज भरायला घेतला आणि त्याच आठवड्यात ती म्हणाली, "आई, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. मग या प्रतिज्ञापत्रावर मी हिंदू म्हणून सही कशी करू?"

दीर म्हणतात, बाप्तिस्मा गुपचूप घ्या, चर्चच्या नोंदवहीत चढवू नका. ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, देव मनात असतो, कागदावर काय का असेना. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं, प्रार्थना करा, मार्ग मिळेल. प्रार्थना तर चालूच आहे. पण मला पळवाट नकोय. देवापुढे काय बरोबर आणि सरकारापुढे काय बरोबर, हे दोन्ही एका जागी बसून कोण सांगेल? पाळकसाहेबांकडे जावं की वकिलाकडे?

रंकाळा_वारा

ताई, पोरीला आधी शाबासकी द्या. अठराव्या वर्षी हा प्रश्न पडणं सोपं नाही.

निवृत्त_मास्तर

सलाम. मी आयुष्यभर शाळेत होतो, त्यामुळे रजिस्टरची गोष्ट आधी सांगतो. पूर्वी नाव घालायला आजोबा किंवा चुलता येई. मास्तर आडनाव आणि गल्ली बघून रकाना भरत. 'ख्रिस्ती' लिहा असं ठासून सांगणारे होते, तसे गप्प राहणारेही होते. गप्प राहण्यामागे लबाडी होती असं मला वाटत नाही. रकान्यात काय पडलं याचा अर्थ पुढे पन्नास वर्षांनी काय निघेल, हे त्यांना कोण सांगणार?

दुसरं. ज्या गावात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखीव ठेवण्याचा हुकूम काढला, त्या गावात आपण राहतो. तो हुकूम माणसाची सामाजिक अवस्था बघून निघाला होता. स्वतंत्र भारतात १९५० चा अनुसूचित जाती आदेश आला आणि त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदानं धर्माची अट घातली. आधी फक्त हिंदू, १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. तुमच्या घरातला पेच इथून सुरू होतो. मुलगी देवाला मानते म्हणून तो तयार झालेला नाही.

होय_तर_होय

मास्तर, इतिहास मान्य. पण प्रश्न आज सही करायची की नाही हा आहे. मत्तय ५:३७ मध्ये प्रभू सांगतो, तुमचं होय ते होय असावं, नाही ते नाही. प्रतिज्ञापत्र म्हणजे शपथेवर सांगितलेलं. रविवारी प्रभुभोजनाला बसायचं आणि सोमवारी तहसीलला जाऊन मी हिंदू आहे असं शपथेवर लिहायचं, हे जमत नाही. बायबलमधल्या दानीएलाला माहीत होतं की राजाशिवाय कोणाचीही प्रार्थना करायची नाही असं फर्मान निघालंय. तरी प्रार्थना करताना त्यानं खिडकी लावून घेतली नाही.

बिंदूचौक

@होय_तर_होय, दानीएल राजदरबारात मोठ्या हुद्द्यावर होता हो. इथे गॅरेजवाल्याची पोरगी आहे आणि खाजगी कॉलेजची फी आहे. खिडकी उघडी ठेवा म्हणणं तुम्हाला सोपं आहे. तुमच्या घरचं कोण अडलंय?

होय_तर_होय

माझा मुलगा खुल्या गटातून लढला आणि पहिल्या वर्षी त्याला जागा मिळाली नाही. एक वर्ष थांबला. म्हणून बोलतोय.

बिंदूचौक

मग शब्द मागे घेतो, दादा. पण मत मागे घेत नाही.

वकीलबाई_सांगली

करवीरची_लेक, कायद्याचं चित्र आधी नीट समजून घ्या, कारण चुकीच्या माहितीवर आध्यात्मिक निर्णयही चुकीचाच होतो.

दिरांचा सल्ला धोक्याचा आहे. नोंदवहीत बाप्तिस्मा नसला की माणूस ख्रिस्ती नाही, असं कोर्ट धरत नाही. कोर्ट बघतं की माणूस प्रत्यक्षात कोणता धर्म पाळतो. २६ नोव्हेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा सेल्वराणी निकाल वाचा. पुद्दुचेरीची तरुणी, बाप्तिस्मा झालेली, नियमानं चर्चला जाणारी, आणि नोकरीसाठी हिंदू अनुसूचित जातीचा दाखला मागत होती. कोर्टानं नाकारला आणि म्हटलं की खरी श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म बदलल्याचं दाखवणं ही राज्यघटनेची फसवणूक आहे.

महाराष्ट्रात जात दाखला आणि पडताळणीचा स्वतंत्र कायदा आहे, २००१ पासून लागू. दाखला खोटा ठरला तर प्रवेश रद्द होतो, घेतलेला लाभ परत द्यावा लागतो, नोकरी असेल तर जाते, आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे. आपला हेतू वाईट नव्हता, असं सांगून सुटका होत नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं बहिरा प्रकरणात ते स्पष्ट केलं. तिसऱ्या वर्षाला असताना प्रवेश गेला तर त्या मुलीचं काय होईल, याचा विचार करा.

आता दुसरी बाजू. जात पडताळणी समितीचं दक्षता पथक चौकशीला घरी आलं आणि भिंतीवर येशूचं चित्र दिसलं, एवढ्यावर कोणी ख्रिस्ती ठरत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं अमरावतीच्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत असा निकाल दिला. तिचं कुटुंब बौद्ध होतं आणि चित्र कोणीतरी भेट दिलेलं होतं. पण तुमच्या घरी चित्र भेट आलेलं नाही. तुमच्या घरी चार पिढ्यांची उपासना आहे. म्हणून त्या निकालाचा आधार तुम्हाला मिळणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

तांबडा_पांढरा

वकीलबाईंनी बोलल्यावर पुढं काय बोलायचं, मर्दा! रविवारी उपासना सुटली की सगळ्यांनी एकत्र मिसळीला बसा, तिथंच निकाल लागतो.

रंकाळा_वारा

तुमचा प्रत्येक प्रतिसाद मिसळीवर कसा येतो हो? 😄

जयभीम_जयसिंगपूर

सर्वांना जय भीम. मी बौद्ध आहे, तरी लिहितो, कारण हा प्रश्न आमच्या घरात होऊन गेलाय. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. त्यानंतर राज्यानं आमच्या सवलती लवकर चालू केल्या, पण केंद्राच्या यादीत बौद्ध यायला १९९० उजाडलं. मधल्या काळात केंद्राची नोकरी हवी असेल तर कागदावर 'हिंदू महार' ठेवायचं की अभिमानानं 'बौद्ध' लिहायचं? माझ्या चुलत्यांनी बौद्ध लिहिलं आणि रेल्वेची संधी सोडली. वडिलांनी लिहिलं नाही. दोघंही एकाच विहारात जायचे आणि या विषयावर मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. मला दोघंही बरोबर वाटतात.

एक सांगतो ताई. आम्हाला १९९० मध्ये जे मिळालं ते गप्प राहून मिळालं नाही. लोकांनी उघडपणे बौद्ध म्हणून मागणी केली.

मिरज_मिशन_कंपाऊंड

@जयभीम_जयसिंगपूर, मनापासून आभार. आमच्यातही मागणी चालू आहे. २००७ च्या रंगनाथ मिश्रा आयोगाच्या अहवालानं अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली होती. सुप्रीम कोर्टात २००४ ची याचिका पडून आहे. २०२२ मध्ये सरकारनं निवृत्त सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. पिढी जाते आणि आयोग येतात.

आणि मला हे म्हणायचंच आहे: ख्रिस्ती धर्मात जात नाही म्हणून तुम्हाला सवलत नाही, असं सरकार म्हणतं. १९८५ च्या सूसाई निकालात कोर्टानं विचारलं, धर्म बदलल्यावरही तीच सामाजिक अडचण तेवढ्याच तीव्रतेनं राहते याचा पुरावा काय? पुरावा आमच्या लग्नाच्या स्थळांमध्ये आहे. महारातले ख्रिस्ती, मांगातले ख्रिस्ती, आजही वेगवेगळं बघतात. गावात भाड्यानं खोली मागायला गेल्यावर आडनाव विचारतात, बाप्तिस्म्याचा दाखला कोणी विचारत नाही. जात गेली असती तर मी आनंदानं दाखला फाडला असता. म्हणून जी मुलगी जातीचे चटके खाते तिनं जातीचा दाखला वापरला, तर मी तिला पापी म्हणणार नाही.

होय_तर_होय

पापी मीही म्हणत नाही. पण 'जात खरी आहे' आणि 'मी हिंदू धर्म पाळते' ही दोन वेगळी विधानं आहेत. फॉर्म दुसरं विधान मागतो.

बायबल_वर्ग

इथे नामानाची आठवण करून देते, २ राजे ५. अरामचा सेनापती बरा झाला, इस्राएलाच्या देवाला मानू लागला, आणि अलीशा संदेष्ट्याला म्हणाला, माझा धनी रिम्मोन या अरामी देवाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, मलाही वाकावं लागतं, त्याची मला क्षमा असावी. अलीशानं त्याला रागावून नियम सांगितला नाही. शांतीनं जा, एवढंच म्हणाला. संदेष्ट्यानं माणसाची नोकरी, त्याची अडचण आणि त्याचं खरं मन ओळखलं. पाळकीय सल्ला असा असावा असं मला वाटतं.

माजी_सैनिक_गडहिंग्लज

बायबल_वर्ग ताई, नामानाच्याच जागी आपल्या काळात एक अधिकारी उभा होता. लेफ्टनंट सॅम्युअल कमलेसन. २०१७ मध्ये लष्करात आला, तिसऱ्या कॅव्हलरीत शिखांच्या स्क्वाड्रनवर. रेजिमेंटच्या मंदिरात आणि गुरुद्वारात तो जवानांबरोबर जायचा, पण गाभाऱ्यात जाऊन पूजेत भाग घ्यायला नकार दिला. २०२१ मध्ये बडतर्फ झाला. दिल्ली हायकोर्टानं मे २०२५ मध्ये आणि सुप्रीम कोर्टानं २५ नोव्हेंबर २०२५ ला लष्कराची बाजू उचलून धरली. सुनावणीत कोर्टानं हेही बोलून दाखवलं की त्याच्या पास्टरनं हरकत नाही असं सांगितलं होतं, तरी यानं ऐकलं नाही.

मी फौजेत होतो. मंदिर परेडला आम्ही सगळे जायचो, मी ख्रिस्ती असून हात जोडून उभा राहायचो, माझ्या विश्वासाला कधी तडा गेला नाही. तरी तो निकाल वाचून झोप आली नाही. पास्टरनं परवानगी दिली म्हणजे त्या पोराच्या मनाचा प्रश्न मिटला का? पाळकाचा सल्ला हा सल्लाच. विवेक ज्याचा त्याचा. आणि विवेकाची किंमतही ज्याची त्यालाच भरावी लागते, हेही खरं.

बिंदूचौक

मेजर, मग १९८६ चा निकालही सांगा की. केरळातली यहोवाचे साक्षीदार पंथातली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची, पण गायची नाहीत. शाळेनं काढून टाकलं. सुप्रीम कोर्टानं त्यांना परत घ्यायला लावलं. म्हणजे कायदा प्रत्येक वेळी विवेकाच्या विरुद्धच उभा असतो असं नाही.

माजी_सैनिक_गडहिंग्लज

मेजर नव्हतो हो, सुभेदार होतो. 😄 निकाल बरोबर आठवलात. शाळेतलं पोर आणि फौजेतला अधिकारी यांत कोर्टानं फरक केला असं दिसतं.

वसईचा_पाव

कॅथलिकांकडे सल्ल्याची सोय जास्त बांधीव आहे, पण गुंताही तसाच. माझ्या मावसबहिणीचं उदाहरण सांगतो. लग्न मोडलं. सरकारी कोर्टातून घटस्फोट मिळाला. पण चर्चच्या दृष्टीनं लग्न शाबूत, त्यामुळे चर्चमध्ये दुसरं लग्न लागेना. मग धर्मप्रांताच्या विवाह न्यायालयात अर्ज केला की मुळात हे लग्न वैधच नव्हतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ती प्रक्रिया सोपी केली, दुसऱ्या न्यायालयाचा दुजोरा घ्यायची सक्ती काढली, तरी वेळ लागलाच.

उलट बाजूनं फसलेलेही बघितलेत. चर्चनं विवाह रद्द ठरवला म्हणून दुसरं लग्न केलं आणि सरकारी कायद्यात ते द्विभार्या प्रकरण झालं. सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये मॉली जोसेफ निकालात सांगितलं आणि २०१७ मध्ये पुन्हा सांगितलं की चर्च न्यायालयाच्या निर्णयाला दिवाणी कायद्यात किंमत नाही. म्हणजे दोन दारं, दोन्हीकडे स्वतंत्रपणे ठोठवावं लागतं. आमचे फादर लग्न मोडलेल्या प्रत्येकाला पहिल्याच भेटीत विचारतात, वकील केलात का? हा मला उत्तम आध्यात्मिक सल्ला वाटतो.

नाताळची_करंजी

वसईकर, घटस्फोटाचा विषय काढलात म्हणून विचारते. प्रॉटेस्टंट मंडळीत तरी सरळ आहे का? माझी मैत्रीण सासरी मार खात होती आणि प्रत्येक वडीलधारी बाई तिला मत्तय १९ ऐकवायची, देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये. कायदा तिला बाहेर पडायला दार देत होता आणि मंडळी ते दार लावून घेत होती.

वकीलबाई_सांगली

@नाताळची_करंजी, हे मी माझ्या टेबलासमोर फार वेळा ऐकते. माहितीसाठी: ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा १८६९ चा आहे. २००१ पर्यंत बाईला केवळ नवऱ्याच्या व्यभिचारावर घटस्फोट मिळत नव्हता, त्याला क्रूरता किंवा परित्याग जोडून सिद्ध करावा लागे. पुरुषाला मात्र व्यभिचार पुरेसा होता. २००१ च्या दुरुस्तीनं क्रूरता हे स्वतंत्र कारण झालं आणि परस्पर संमतीचा मार्गही आला. हा बदल ख्रिस्ती बायकांनी आणि काही मंडळ्यांनीच वर्षानुवर्षं मागून घेतला. म्हणजे कायदा आणि विश्वास दर वेळी समोरासमोर उभे असतात असं नाही. कधी कायदा मंडळीला शिकवतो, कधी मंडळी कायद्याला.

धागापाल

मंडळी, चर्चा मोलाची आहे, पण घटस्फोटासाठी वेगळा धागा काढू. करवीरची_लेक यांच्या मुलीचा प्रवेश जवळ आलाय.

पाळक_दक्षिणमहाराष्ट्र

सलाम. मी एका मंडळीचा पाळक आहे. बरेच दिवस वाचत होतो, आज लिहितो.

'नोंदवहीत चढवू नका' ही विनंती माझ्याकडे अनेकदा येते. मी नकार देतो. बाप्तिस्मा ही सगळ्यांसमोर दिलेली साक्ष आहे, तो चोरून देता येत नाही. पण त्याच घराला मी कधीही असं म्हणत नाही की आधी दाखला सोडा, मग बाप्तिस्मा देतो. भाकरीचा प्रश्न समोर असलेल्या माणसावर पाळकानं स्वतःच्या शुद्धतेचं ओझं टाकू नये. मी एवढंच करतो: त्यांच्याबरोबर बसतो, खरं काय ते ऐकतो, आणि वकिलाकडे पाठवतो. जमलं तर बरोबर जातो.

एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. वकिलाला अशिलानं सांगितलेलं गुपित ठेवायला कायदा बांधून ठेवतो. पाळकापाशी कबूल केलेल्या गोष्टीला आपल्या पुराव्याच्या कायद्यात तसं संरक्षण नाही. मी गुपित ठेवतो ते देवाला दिलेल्या शब्दामुळे. उद्या मला साक्षीला बोलावलं आणि नोंदवही मागितली तर मी ती दाखवीन, खोटं बोलणार नाही. हे मी लोकांना आधीच सांगून ठेवतो. सल्ला मागायला आलेल्या माणसाला सल्ला देणाऱ्याची मर्यादा माहीत असावी.

बायबल_वर्ग यांनी नामान आणला, मला ते फार आवडलं. मी प्रेषित पौलाला जोडतो. फिलिप्पै इथं फटके मारून गुपचूप सोडायला निघाले तेव्हा तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. पुढे त्यानं कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली. रोम १३ मध्ये अधिकाऱ्यांच्या अधीन राहा म्हणणारा तोच पौल आपले हक्क शेवटपर्यंत मागतो. प्रेषितांची कृत्ये ५:२९ मध्ये पेत्र म्हणतो, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. पण ते वचन त्यानं सभेसमोर उभं राहून, शिक्षा अंगावर घेऊन उच्चारलं. ते लपवाछपवीच्या बचावासाठी वापरताना मी थांबतो.

मिरज_मिशन_कंपाऊंड

पाळकसाहेब, आदर ठेवून विचारतो. लपवाछपवी करायला भाग कोणी पाडलं? तिसरा परिच्छेद नसता तर या ताईंच्या घरी चोरी कसली होती?

पाळक_दक्षिणमहाराष्ट्र

तुमचं म्हणणं पूर्ण खरं आहे. कायदा अन्यायाचा आहे आणि ते व्यासपीठावरून म्हणणं हे माझं काम आहे. पण अन्यायाच्या कायद्याखाली एका अठरा वर्षांच्या मुलीनं खोट्यावर पाय ठेवून आयुष्य उभं करावं, असा सल्ला मी देऊ शकत नाही. तो पाय निसटला तर ती एकटी पडेल. सल्ला देणारे आपण कोणी तिथे नसू.

निवृत्त_मास्तर

इथे पंडिता रमाबाईंची आठवण येते. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतर तिथल्या धर्मगुरूंनी आणि सिस्टरांनी काय मानावं हे ठरवून द्यायला सुरुवात केली तेव्हा बाईंनी पत्रांतून ठाम सांगितलं की पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटले, आता दुसऱ्याच्या हाती विवेक देणार नाही. सल्ला मात्र त्या अखेरपर्यंत घेत राहिल्या. मार्गदर्शन मागणं आणि निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात घालणं यात फरक आहे. इथे सगळे आई-वडील, दीर, पाळक, वकील बोलतोय. मुलगी काय म्हणते?

तांबडा_पांढरा

मास्तरांनी नेमकं बोट ठेवलं. पोरीला लिहू द्या की इथं.

वकीलबाई_सांगली

मीही तेच म्हणणार होते. आणि ताई, अनुसूचित जातीचा दाखला नाही म्हणजे सगळी दारं बंद, असं समजू नका. ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटक, म्हणजे ईडब्ल्यूएस, यांना धर्माची अट नाही. ईडब्ल्यूएसचं दहा टक्के आरक्षण २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीनं आलं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. शिवाय ख्रिस्ती हे अधिसूचित अल्पसंख्याक आहेत, अल्पसंख्याक संस्थांची नर्सिंग कॉलेजं आहेत, तिथे वेगळ्या जागा असतात. यातलं कुठलं तुम्हाला लागू पडतं ते कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

करवीरची_लेक

सर्वांना सलाम. इतकं भरभरून लिहिलंत. हा सगळा धागा मुलीला वाचायला दिला. जयभीम_जयसिंगपूर यांच्या वडिलांची आणि चुलत्यांची गोष्ट तिनं दोनदा वाचली आणि म्हणाली, आई, आपल्या घरात तरी या विषयावर बोलणं बंद व्हायला नको.

पाळकसाहेबांनी लिहिलंय तसंच आम्ही केलं. आमचे पाळक आणि एक वकील, दोघांसमोर एकाच वेळी बसलो. दीरही आले होते. मुलगीच बोलली. तिनं सांगितलं की ती अनुसूचित जातीच्या पडताळणीचा अर्ज भरणार नाही. दीर चिडले. म्हणाले, पणजोबांनी जातीमुळं जे भोगलं त्याची भरपाई तू सोडून देतेस. तिनं उत्तर दिलं, भरपाई सोडत नाही काका, ती मला ख्रिस्ती म्हणून मागायची आहे. मिस्टर काही बोलले नाहीत. फीचं गणित त्यांच्या डोक्यात आहे आणि ते खरंच अवघड आहे. बाप्तिस्म्याची तारीख अजून ठरवलेली नाही. पाळकसाहेब म्हणाले, प्रवेशाच्या धावपळीत उरकायची ती गोष्ट नव्हे.

मिरज_मिशन_कंपाऊंड यांना एक सांगते, तुमच्या प्रतिसादानं मला रडू आलं. खोली मागायला गेल्यावरचा तो अनुभव आमचाही आहे.

आता व्यवहाराचं विचारते. ईडब्ल्यूएससाठी काय करावं लागेल? शाळेच्या दाखल्यावर तर अजून 'हिंदू महार'च आहे.

मिरज_मिशन_कंपाऊंड

"ख्रिस्ती म्हणून मागायची आहे." लेकरा, आम्ही म्हाताऱ्यांनी जे म्हणायला हवं होतं ते तू म्हणालीस. मी अजूनही म्हणतो, दुसरं कोणी दाखला वापरला तर त्याच्याकडे बोट दाखवू नका. पण तुझ्या फीसाठी काय करता येईल ते आमच्या मंडळीत मांडतो. धागापालांमार्फत संपर्क करा.

होय_तर_होय

माझाही वाटा धरा. आणि बिंदूचौकांना सोबत घ्या, ते वसुलीला चांगले आहेत.

बिंदूचौक

धरा दादा. येतोय.

जयभीम_जयसिंगपूर

मागणीच्या पत्रावर सही लागली तर बौद्धाचीही चालत असेल ना? पाठवा.

वकीलबाई_सांगली

ताई, क्रम असा ठेवा. जी कुटुंबं अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसी आरक्षणात बसतात त्यांना ईडब्ल्यूएस मिळत नाही. म्हणून आधी तुमचा गट कोणता हे पक्कं करावं लागेल, आणि शाळेच्या दाखल्यावरची नोंद तशीच राहिली तर तहसीलमध्ये पहिला प्रश्न तिथेच येईल. शाळा सोडल्यावर ती नोंद बदलणं सोपं नसतं. राज्याच्या राजपत्रात धर्माची नोंद प्रसिद्ध करून घेण्याची सोय आहे, पण 'धर्म बदलला' असं लिहायचं की 'पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती, नोंद चुकीची पडली' असं, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. घाईनं कुठलाही अर्ज भरू नका. सासऱ्यांच्या शाळेचा उतारा, पणजोबांच्या बाप्तिस्म्याची किंवा लग्नाची मंडळीतली नोंद, मिस्टरांचा जातीचा दाखला, मुलीचा दहावी-बारावीचा दाखला आणि गेल्या वर्षाचं उत्पन्न दाखवणारे कागद, एवढं एका पिशवीत घालून शनिवारी दुपारनंतर या. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. मुलीला बरोबर आणा, सही तिची लागेल.